बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी : माती आतून वाहून जाते आहे का?

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीकडील आमच्या जुन्या खारबांधाच्या पायथ्याशी भरतीच्या वेळी गढूळ पाणी झिरपते आणि वाटीएवढे वाळूचे उंचवटे तयार होतात, माथ्यावर मात्र एकही भेग नाही. सिमेंट भरून हे तोंड बंद करावे का?

उत्तर १ : कृपया बंद करू नका; पाणी अडले की आतला दाब वाढतो आणि ते दुसरीकडे वाट काढते. नितळ झिरपा मला तितकासा चिंतेचा वाटत नाही, परंतु गढूळपणा म्हणजे बारीक कण बाहेर पडत आहेत. आपण सांगता ते उंचवटे वाळूच्या उकळीचे आहेत : वर चढणाऱ्या पाण्याचा जलीय उतार (म्हणजे पाण्याच्या पातळीतील घट भागिले मातीतून कापलेले अंतर) साधारण १ च्या आसपास गेला की वाळूचे कण तरंगू लागतात. जाड-बारीक कणांच्या मिश्र मातीत तर याहून कमी उतारावरही बारीक कण जाड कणांमधील पोकळ्यांतून निसटतात. तोंडावर वाळू-खडीचा गाळणथर घाला. त्याचा डी-१५ (वजनाने १५ टक्के कण ज्याहून बारीक असतात तो आकार) मूळ मातीच्या डी-८५ च्या (८५ टक्के कण ज्याहून बारीक असतात त्या आकाराच्या) चार-पाच पटींहून कमी असावा.

उत्तर २ : चिकणमातीही तपासा. तिच्यात सोडियम जास्त असेल, तर खाऱ्या पाण्यात टिकलेली माती पावसाच्या गोड पाण्यात विरघळल्यासारखी पसरते. शेंगदाण्याएवढे ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये न ढवळता ठेवून पाहा; त्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर माती अशी पसरणारी आहे असे समजा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ढेकूळ ठेवले; दहा मिनिटांत पेल्याच्या तळाशी दुधाळ ढग पसरला.