कर्सर उडतोय? आधी चार्जर काढा
लॅपटॉपवर टाइप करताना कर्सर मध्येच वरच्या ओळीत उडी मारतो, माउस बदलूनही फरक नाही, अशी तक्रार एकाने केलीय. माउस बिचारा निर्दोष असावा. आधी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर टाइप करून बघा. उड्या थांबल्या, तर अर्थिंग तपासून घ्या. आमच्या म्हापशाकडे जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही! टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतक्षेत्रातला सूक्ष्म बदल टिपतो, त्यामुळे चार्जरमधून गडबड आली की तो झपाटल्यासारखा वागतो. पावसाळ्यात घामट तळव्यानेही तेच. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये टचपॅडची संवेदनशीलता 'लो' करा. माउस जोडलेला असताना टचपॅड बंदही ठेवता येतो. टचपॅड एका बाजूने उचललेला दिसला, तर मात्र बॅटरी फुगल्याची शंका घ्या आणि चार्जिंग लगेच थांबवा.