गिटार, मावळतीचे ऊन आणि भुलाबाई : लोकगीतांच्या नव्या चित्रफितींची चौकट आपल्या गाण्यांना मानवते का?

धरमपेठकर

गेल्या आठवड्यात नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर माझ्या भाचीच्या गाण्याचे चित्रीकरण पाहिले आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा सुरू करत आहे. गाणे भुलाबाईचे, तिला आजीकडून मिळालेले. साथीला दोन गिटार, एक युकुलेले आणि कहोन, म्हणजे ज्याच्यावर बसूनच वाजवायचे असते ते लाकडी खोक्याचे वाद्य. काठावरच्या गवतावर घरातला गालिचा अंथरला होता, त्यावर जुनी लाकडी खुर्ची ठेवली होती, मागे पिवळ्या बल्बची माळ उजेडीच लावली होती आणि भाची अनवाणी पायांनी, सैल खादीचा कुर्ता घालून बसली होती. सूर्य पुरेसा खाली येईपर्यंत सगळे थांबले. मग स्पीकरवर तिचेच गाणे दुप्पट वेगाने लागले आणि ती त्यावर ओठ हलवू लागली, कारण सेकंदाला 50 चौकटींनी टिपलेले दृश्य 25 चौकटींनी दाखवले की हालचाल संथ दिसते आणि ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात.

टाळ्या वाजवायला शेजारच्या तीन मुली आल्या होत्या. त्यांना खुर्चीच्या मागे उभे केले होते. काल तयार चित्रफीत पाहिली, तर त्या तिघी म्हणजे बल्बच्या उजेडात मिसळलेले तीन धूसर रंगीत ठिपके आहेत.

या मांडणीतली प्रत्येक गोष्ट कुठून आली हे सांगता येते. कोडॅकने 1965 साली सुपर 8 फिल्म बाजारात आणली. घरगुती कॅमेऱ्याची ती जवळपास चौकोनी चौकट, तिचा दाणेदारपणा आणि रीळ संपताना उजेड शिरून उमटणारा नारिंगी पट्टा हे त्या काळी फिल्मचे दोष मानले जात. आज ते संगणकावर मुद्दाम चढवले जातात. 2008 साली कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा कॅमेरा आला आणि चेहरा ठळक, मागचे सारे धूसर हे सिनेमाच्या महागड्या साधनांनीच जमणारे दृश्य तरुण पोरांच्या आवाक्यात आले. यात गैर काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. 'आम्ही काहीच सजवलेले नाही' असे भासवणारी ही चौकट एका गायकासाठी आणि त्याच्या एका गिटारसाठी घडलेली आहे. भुलाबाईचे गाणे एकटीचे नसते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी घरोघरी जायचे, टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा, यात जिला मध्यभागी बसवावे अशी कोणी नसतेच. तिथे एक चेहरा ठळक करून बाकीच्या पुसल्या, तर आपण त्या गाण्याचे काय दाखवले?

छायाप्रकाश

मी नागपुरातच लग्नसमारंभांचे आणि अधूनमधून गाण्यांचे चित्रीकरण करतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. आपण ज्याला सौंदर्यदृष्टी समजून दोष देत आहात, ती बऱ्याचदा निव्वळ उजेडाची अडचण असते. चार जणी पुढे-मागे उभ्या आहेत आणि चौघीही स्पष्ट दिसायला हव्या असतील, तर भिंगाचे छिद्र एफ 8 पर्यंत तरी लहान करावे लागते आणि मावळतीला तेवढा उजेड हाती उरत नाही. मग एकतर दिवे आणि जनित्र भाड्याने आणा, नाहीतर सेन्सरची संवेदनशीलता वाढवून चित्रभर रवा, म्हणजे दाणे, सहन करा. एफ 1.8 वर, म्हणजे छिद्र मोठे ठेवून, एक चेहरा मात्र विनाखर्च सुंदर येतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. जेमतेम अर्ध्या तासात सारे उरकायचे असते आणि खिशात पैसे नसलेला मुलगा चेहऱ्याचीच निवड करणार.

दुसरे असे की, संकेत म्हणजे खोटेपणा नव्हे. आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यातही गणापासून सुरुवात, मग गौळण, असा क्रम ठरलेलाच असतो आणि त्याला कोणी साचेबंद म्हणून नाकारत नाही. गालिचा आणि बल्बची माळ दिसली की प्रेक्षकाला कळते, आता हळू आवाजातले, जवळून ऐकायचे गाणे येणार आहे. एवढी ओळख पटवण्याचे काम तो संकेत प्रामाणिकपणे करतो.

झीलकरी

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. वडील खडी गंमतीत शाहिरामागे झील धरत असत, त्यामुळे धरमपेठकरांचे म्हणणे मला आतून पटते. झीलकऱ्याचे काम मागे उभे राहून साथ करण्यापुरते नसते. शाहीर ओळ सोडतो तिथे ती उचलायची, पट्टी टिकवायची आणि शाहिराला दम घ्यायला जागा करून द्यायची, हे सारे तो करतो. ती ओळ एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते त्या क्षणी गाणे घडते. कॅमेरा त्या वेळी शाहिराच्या चेहऱ्यावरच खिळून राहिला, तर गाण्याचा अर्धा भाग दिसलाच नाही असे समजावे.

आवाजाविषयीही बोलले पाहिजे. या शैलीचे एक उगमस्थान म्हणून पॅरिसच्या ला ब्लोगोथेक या मंडळींच्या 2006 पासूनच्या चित्रफितींकडे पाहावे लागेल. गायकांना रस्त्यावर, जिन्यात, लिफ्टमध्ये नेऊन, बहुधा न तोडता एका दमात, तिथला आवाज तिथेच टिपणे ही त्यांची पद्धत. तिथे हलणाऱ्या कॅमेऱ्याला कारण होते, कारण तो चालत्या गायकाच्या मागे धावत होता. आपल्याकडे थरथरता कॅमेरा घेतला आणि त्याच ठिकाणचा आवाज सोडून दिला. तलावाकाठी बसलेल्या गायिकेचा आवाज बंद खोलीतला येतो. त्यात वारा नाही, पाखरू नाही आणि टाळी वाजवणाऱ्या मुलींचे हसणेही नाही. गिटारच्या तारा जवळून दाखवतात तेव्हा त्या लाटेसारख्या वळवळताना दिसतात, तेही बघण्यासारखे आहे. लोकांना ती तारेची खरी हालचाल वाटते, पण सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो म्हणून तार तशी दिसते. जवळून दाखवले म्हणजे खरे दाखवले, असे होत नाही.

महालची वाचक

मी शाळेत मराठी शिकवते आणि मला या दोन्ही प्रतिसादांतला खंतीचा सूर एकांगी वाटतो. माझ्या वर्गातल्या मुली सदनिकांत राहतात. संध्याकाळी शिकवणीला जातात, त्यांना फेर धरायला अंगण नाही आणि घरोघरी फिरायला मोकळीकही नाही. त्यांच्यातल्या पाच-सहा जणींनी भुलाबाईचे पहिले गाणे अशाच एका चित्रफितीतून मोबाइलवर ऐकले आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मला विचारले, 'बाई, यातला भुलोजी म्हणजे कोण?' तळहाताएवढ्या पडद्यावर त्यांना दहा जणींचा फेर दिसलाच नसता. त्यांनी ऐकले ते समोर एक चेहरा होता म्हणून.

शिवाय आपली सगळीच लोकगाणी समूहाची, हे मला मान्य नाही. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेली बाई एकटीच ओवी म्हणत असे आणि तिला ऐकणारे कोणी असेलच असे नव्हते. मंद उजेड, एकच चेहरा, हळू सूर, ही मांडणी तिच्यासाठी परकी कशी ठरते?

धरमपेठकर

महालच्या ताईंचा ओवीचा मुद्दा मला खोडता येत नाही आणि तो मी मनापासून स्वीकारतो. जात्यावरच्या ओवीला हा मंद उजेड शोभेल, कदाचित दुसऱ्या कोणत्याही गाण्यापेक्षा अधिक शोभेल. पण मग माझे म्हणणे अधिक नेमके करून मांडतो. गाणे एकटीचे आहे की अनेकींचे, हे आधी विचारावे आणि चौकट त्यानंतर ठरवावी. आज ओवीला, भुलाबाईला आणि खंजिरीवरच्या भजनालाही तोच गालिचा अंथरला जातो.

खर्चाच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर आहे. 1965 साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलामागच्या गल्लीत अमेरिकन गायक बॉब डिलनच्या गाण्यावर माहितीपटकार डी. ए. पेनेबेकर यांनी टिपलेले दृश्य अनेकांनी पाहिले असेल. कृष्णधवल फिल्म, जागचा न हललेला कॅमेरा आणि शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पाने एकेक करून खाली टाकणारा गायक, एवढेच त्यात आहे. सोनेरी ऊन नाही, धूसर पार्श्वभूमी नाही. चौकटीच्या कडेला कवी ॲलन गिन्सबर्ग आपल्या सोबत्याशी बोलत उभे आहेत आणि ते ठिपका झालेले नाहीत, ओळखू येतात. साध्या दिवसाच्या उजेडात, एकाच कॅमेऱ्याने, मागची माणसे माणसे म्हणून दाखवता येतात, याला आणखी कोणता पुरावा हवा? माझ्या भाचीमागच्या तिघींसाठी मला एवढेच हवे होते.

छायाप्रकाश

ते दृश्य मी आज पुन्हा पाहिले आणि गल्लीतला तो सपाट उजेड पाहून माझा हट्ट थोडा सैल झाला, हे मान्य करतो. मावळतीची वाट पाहण्याऐवजी दुपारी चारच्या सुमारास एखाद्या वाड्याच्या अंगणात, कडुनिंबाच्या दाट सावलीत चित्रीकरण केले, तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडणार नाहीत आणि रुंद भिंगावर एफ 8 ने पुढच्या-मागच्या सगळ्या मुली स्पष्ट येतील. त्याला जनित्र लागत नाही. फक्त ते चित्र 'गोड' दिसणार नाही आणि गायिकेच्या घरच्यांनी तशी तयारी ठेवली पाहिजे. पडदा लहान आहे ही महालच्या ताईंची अडचण मात्र खरीच आहे; त्यासाठी फेर छोटा, पाच जणींचाच ठेवावा लागेल.

कोजागिरीच्या आधी तुमच्या भाचीची तयारी असेल, तर मी कॅमेरा घेऊन येतो, पैशांचे नंतर बघू. एक अट आहे. टिपऱ्या वाजणार असतील तर गाणे दुप्पट वेगाने लावायचे नाही. ओठ संथ केलेले चालून जातात, पण टिपरीवर टिपरी आदळण्याचा ठोका संथ गतीत पोकळ दिसतो. आवाजही तिथलाच घ्यायचा आहे, त्यामुळे मुलींना ते गाणे अंगणात प्रत्यक्ष म्हणता आले पाहिजे.