करवंटीच्या कोळशाने गंधकाची बॅटरी टिकेल काय?

फोंडेकर: 'करवंटीच्या सच्छिद्र कोळशात गंधक मुरवला की लिथियम-आयनचे दिवस भरले,' हे सावईकरबाबांचे कालचे विधान वाचून मला स्वस्थ बसवले नाही. गंधकाची क्षमता कागदावर ग्रॅममागे १६७५ मिलिअँपिअर-तास भरते. पण तो वीज वाहून नेत नाही, लिथियम घेताना सुमारे ८० टक्के फुगतो, आणि मधल्या टप्प्यात तयार होणारी पॉलिसल्फाइडे, म्हणजे लिथियम-गंधकाची संयुगे, इलेक्ट्रोलाइटमध्ये (सेलमधल्या द्रावणात) विरघळून थेट पलीकडच्या लिथियमच्या ध्रुवापर्यंत पोहोचतात. एमएस्सीच्या प्रकल्पात मी कोळसा-गंधकाचा असाच एक सेल महिनाभर चालवून उघडला, तेव्हा दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा पांढरा पडदा, म्हणजे सेपरेटर, हळदीचे हात पुसलेल्या फडक्यासारखा पिवळा पडला होता. तो सारा कॅथोडमधून, म्हणजे गंधकाच्या ध्रुवातून, निसटलेला गंधक होता.

सावईकर: तुमच्या एका फसलेल्या सेलवरून कोळसा मोडीत काढणे योग्य नव्हे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटाने २००९ मध्ये ३ ते ४ नॅनोमीटर रुंदीच्या पोकळ्या असलेल्या कार्बनात गंधक भरला, तेव्हा क्षमता ग्रॅममागे १३२० मिलिअँपिअर-तासांपर्यंत गेली. १५५ अंश सेल्सिअसच्या आसपास गंधक सर्वांत पातळ होतो आणि त्या पोकळ्यांत आपसूक ओढला जातो. असा कोळसा जिच्यापासून करता येईल ती करवंटी आमच्या माडांच्या भाटात पावसात कुजते आहे.

सांगेकर: नुसता कोळसा पॉलिसल्फाइडांना पुरेसा धरत नाही, म्हणून नाझर यांच्याच गटाने २०१५ मध्ये मँगनीज डायऑक्साइडचे पापुद्रे वापरले, हेही सांगा. मँगनीज तर आमच्या गोव्यातल्या रिवणच्या डोंगरात आहे! इतकी वर्षे ते मातीमोल भावाने बोटीत चढवले गेले, २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि माझ्या वडिलांचे दोन ट्रक दारात उभ्याउभ्या गंजले. तेव्हा यातून काही घडवावे असे कोणालाच का सुचले नाही?

फोंडेकर: ट्रकांचे दुःख मला कळते, माझे काकाही खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते, पण खाणीतला दगड कुटून कॅथोडमध्ये घालता येत नाही. ते पापुद्रे शुद्ध रसायनांपासून घडवतात, आणि लोहाचा अंश असलेले कच्चे खनिज त्या कामाचे नाही.

सांगेकर: शुद्ध करायचा कारखाना येथे उभारायला कोणी मनाई केली होती? तुम्ही शिकलेली माणसे दरवेळी 'कामाचे नाही' म्हणून हात झटकता, याचाच मला संताप येतो.

फोंडेकर: हात झटकत नाही, मोजून बोलतो. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम गंधकावर कोणताही मिश्र कॅथोड सुरेख चालतो. मी पाच मिलिग्रॅमचा थर दिला, तर तो वाळताना मिठागराच्या चिखलासारखा भेगाळला, आणि तो भिजवायला इलेक्ट्रोलाइट इतके ओतावे लागले की गंधकाच्या हलकेपणाचा फायदाच उरला नाही. २०१० मध्ये झेफिर हे सौर विमान अशाच बॅटऱ्यांवर १४ दिवस उडाले, कारण तेथे वजनाला सर्वाधिक महत्त्व होते. स्कूटरला वर्षानुवर्षे टिकाव हवा.

सावईकर: थराचे वजन आणि इलेक्ट्रोलाइटचे प्रमाण मी लिहिले नव्हते, एवढी चूक मला मान्य करावी लागेल. यापुढे ते दोन आकडे आधी लिहीन, करवंटी मात्र सोडणार नाही.