विंडोज सोडायचंय, पण फूबार, इरफानव्ह्यू आणि एक्सेलचे मॅक्रो सुटत नाहीत

जुनाच_बरा
नमस्कार मंडळी. डेस्कटॉप सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकल्यापासून मस्त पळतोय. पण विंडोज ११ त्याला नको म्हणतंय, प्रोसेसर त्यांच्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची जादा मुदत मिळते ते माहितीये, पण ते नुसतं पुढे ढकलणं झालं. चालती मशीन भंगारात द्यायला जीव होत नाही म्हणून लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर, जायचं म्हणतोय. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघितलं, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं आपोआप लागलं.

घोडं अडलंय ते सॉफ्टवेअरपाशी. गाण्यांसाठी फूबार२००० वापरतो, कित्येक वर्षांच्या प्लेलिस्ट आहेत आणि सगळी गाणी डी ड्राइव्हवर. फोटो बघायला, ढिगाने रिसाइझ करायला इरफानव्ह्यू. फाइल शोधायला एव्हरीथिंग, त्याच्याशिवाय हात मोडल्यासारखं होतं. आणि एक्सेल, त्यात हिशोबाच्या शीट्स आहेत, मॅक्रो (शीटमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिलेले, बटण दाबलं की फॉर्म उघडतो वगैरे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमध्ये हे सगळं चालतं का आणि चाललं तर स्लो होतं का? विंडोज कसं वाईट आहे ते प्लीज नका सांगू, तो धागा वेगळा काढा.

खटपट्या
वाइन म्हणजे लिनक्सच्या पोटात बसवलेलं विंडोज नव्हे, हा गैरसमज आधी काढून टाका. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, म्हणजे ही फाइल उघड, ही विंडो दाखव, ते मागणं लिनक्सला कळेल असं करून पुढे देणं एवढंच ते करतं, आणि १९९३ पासून लोक ते लिहितायत तरी काम संपलेलं नाही कारण पलीकडचं विंडोजही बदलत राहतं. त्यामुळे स्लो होण्याचा प्रश्न सहसा येत नाही. एकतर नीट चालतं, नाहीतर उघडतच नाही, किंवा सगळं चालून एखादंच बटण मेलेलं असतं, आणि नेमकं तेच आपल्याला रोज लागतं.

इरफानव्ह्यू डोळे झाकून टाका, बॅच कन्व्हर्जनसकट चालतं. फूबारही उत्तम चालतं, फक्त प्लेलिस्टसाठी थोडं हे करा. वाइनचा सी ड्राइव्ह म्हणजे तुमच्या होममधल्या लपलेल्या वाइन फोल्डरमधलं एक साधं फोल्डर असतं, आणि झेड ड्राइव्ह म्हणजे अख्खं लिनक्स. डी तुम्ही स्वतः लावायचा. विनसीएफजी, म्हणजे वाइनच्या सेटिंग्जचा प्रोग्रॅम, उघडा, ड्राइव्हजच्या टॅबमध्ये डी अॅड करा आणि त्याला गाण्यांच्या पार्टिशनचा लिनक्समधला पाथ द्या. बास. फूबारला वाटतं आपण अजून त्याच डी ड्राइव्हवर आहोत, प्लेलिस्टमधली एक ओळही बदलावी लागत नाही. विंडोज असतानाच फूबार पोर्टेबल मोडमध्ये बसवून घ्या, सगळी सेटिंग्ज त्याच्याच फोल्डरमध्ये राहतात, मग ते फोल्डर उचलून तिकडे ठेवायचं. कीबोर्डवरचे ग्लोबल शॉर्टकट मात्र गेले समजा, विंडो समोर असेल तरच चालतील.

एव्हरीथिंग विसरा. का ते खाली कोणीतरी सांगेलच, मला आता जेवायला हाका मारतायत.

शाईपेन
खटपट्यांचं तांत्रिक सगळं बरोबर आहे पण मी क्रम उलटा करायला सांगेन. आधी विंडोजवरच असताना सॉफ्टवेअर बदला, ओएस सगळ्यात शेवटी. एकदम दोन्ही बदललं की काही बिघडलं तर कळतच नाही की लिनक्सची सवय नाही म्हणून होतंय का नवीन प्रोग्रॅमच रद्दी आहे, आणि मग माणूस वैतागून परत फिरतो, हे मी इतक्यांचं पाहिलंय. लिब्रेऑफिस, एक्सएनव्ह्यू एमपी, थंडरबर्ड, फायरफॉक्स, व्हीएलसी हे सगळं विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. महिनाभर विंडोजवरच वापरून बघा, जे जमलं त्याची काळजी मिटली, जे राहिलं तेवढ्यापुरतीच वाइनची खटपट करा.

दुसरं म्हणजे प्रोग्रॅम आवडता आहे का नाही हे बघू नका, तो विंडोजला कुठे चिकटलाय ते बघा. इरफानव्ह्यूला नुसत्या फाइल लागतात, म्हणून ते कुठेही जगतं. फूबारला पाथ लागतात, त्याची सोय वर सांगितलीच आहे. एव्हरीथिंग एवढं फास्ट आहे ते का, तर ते फोल्डर फोल्डर फिरत नाही, विंडोजच्या डिस्क फॉरमॅटच्या, म्हणजे एनटीएफएसच्या, मास्टर फाइल टेबलमधून नावांची यादी सरळ उचलतं. लिनक्सची डिस्क बहुतेक एक्सटीफोर या वेगळ्या फॉरमॅटची असते, तिथे ते टेबलच नाही तर उचलणार काय? त्याच्या जागी एफसर्च घ्या, दिसायला वागायला तसंच आहे, टाइप करता करता रिझल्ट येतात. फक्त ते स्वतःची यादी बनवून ठेवतं आणि ती अधूनमधून अपडेट करावी लागते, म्हणजे आत्ता सेव्ह केलेली फाइल लगेच सापडेलच असं नाही.

एक्सेल हे तुमचं खरं दुखणं आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये व्हीबीएचे (एक्सेलच्या मॅक्रोची भाषा) साधेसुधे मॅक्रो चालतात, सेलमध्ये लिही, रंग बदल, सॉर्ट कर वगैरे. पण फॉर्म उघडणारे मॅक्रो बहुतेक लटकतात आणि पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं बाहेरून डेटा आणायचं साधन) तर नाहीच. एक्सेलच्या ब्राउझरवाल्या आवृत्तीवरही भिस्त ठेवू नका, तिथे शीट उघडते पण व्हीबीए चालत नाही.

बघ्या
+१ शाईपेन. आणि विंडोज, लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर ठेवून ड्युअल बूट करा की सरळ, कशाला डोक्याला ताप.

जुनाच_बरा
@बघ्या, ड्युअल बूट नको, स्वतःला ओळखतो मी. एक्सेलसाठी म्हणून विंडोज चालू करीन आणि मग दिवसभर तिथेच बसेन.

@शाईपेन, चिकटलाय कुठे ते बघण्याचा मुद्दा एकदम पटला. लिब्रेऑफिस लगेच टाकून बघितलं, छोटे मॅक्रो चालले, फॉर्मवाल्याने एरर दिली. शिवाय कॅलिब्रीतल्या शीट्सच्या कॉलमची रुंदी लिनक्सवर हलेल का, प्रिंट एका पानात बसवलेले आहेत. आणि @खटपट्या, डी ड्राइव्ह फॉरमॅट न करता तसाच ठेवता येईल ना?

खटपट्या
डी तसाच राहू दे, लिनक्स एनटीएफएस वाचतं आणि लिहितं पण. इन्स्टॉल करताना डिस्क पुसण्याचा पर्याय अजिबात निवडू नका, तो डीसकट पुसेल. 'समथिंग एल्स' घ्या, फक्त सीची जागा द्या, आणि त्याआधी गाण्यांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर, ह्यात कंजूषी नको.

दोन भानगडी येतात. एक म्हणजे फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की विंडोज शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, मग लिनक्सला पार्टिशन वापरात आहे असं दिसतं आणि ते नुसतं वाचण्यापुरतं उघडतं किंवा उघडतच नाही. विंडोज पुसण्याआधी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर असेल तर तेही काढा. दुसरी म्हणजे मिंट असली पार्टिशन तुम्ही फाइल मॅनेजरमध्ये क्लिक केल्यावरच जोडतं. चालू केल्या केल्या फूबार उघडलात तर सगळी गाणी मेलेली दिसतील आणि तुम्ही मला शिव्या घालाल. 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात त्या पार्टिशनच्या माउंट ऑप्शन्समध्ये स्टार्टअपला जोडायचं सेट करा आणि पाथ ठरावीक ठेवा, मग विनसीएफजीमध्ये तोच द्या.

कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो म्हणून फॉन्ट आहे, लिब्रेऑफिस आपणहून तोच लावतं, अक्षरांची रुंदी तीच असल्यामुळे कॉलम सहसा हलत नाहीत. तरी एक प्रिंट काढून बघा.

तिसरी_खिडकी
फॉर्मवाल्या शीटसाठी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे लिनक्सच्या आत चालणारा जणू दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात विंडोज १०, त्याला ४ जीबी रॅम, आणि त्याचं नेटवर्कच बंद करून टाका, एक्सेल अॅक्टिव्हेट झाल्यावर. अपडेट बंद झालेलं विंडोज नेटवर नसलं तर बराचसा धोका तिथेच संपतो. शीट्स शेअर्ड फोल्डरमधून द्या. ८ जीबीत ब्राउझरचे पन्नास टॅब आणि हे एकत्र चालणार नाही, तेवढं समजून घ्या. लायसन्स मशीनबरोबर आलेलं ओईएम असेल तर व्हीएममध्ये अॅक्टिव्हेशन अडू शकतं, ते आधी तपासा.

ऑफिस वाइनमध्येच चालवायचा हट्ट असेल तर २०१० सारखी जुनी आवृत्ती बऱ्यापैकी चालते, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नादी लागू नका. वाइनएचक्यूच्या साइटवर प्रोग्रॅमनुसार प्लॅटिनम, गोल्डपासून गार्बेजपर्यंत रेटिंग असतात, पण रेटिंग कुठल्या आवृत्तीला आणि कधी दिलंय ते बघा, दहा वर्षांपूर्वीचं प्लॅटिनम आज काही कामाचं नाही.

जुनाच_बरा
ऑफिसची डिस्क २०१० चीच सापडली, म्हणजे आधी वाइन, नाही जमलं तर व्हीएम. एक्सएनव्ह्यू बरं वाटतंय पण बोटांना इरफानव्ह्यूचीच सवय, ते वाइनमध्येच घेणार. फूबार ३२ बिटचं आहे, तिकडे ६४ टाकू का?

खटपट्या
नको. फूबारला जोडलेले तुमचे जुने कॉम्पोनंट (जादा सोयींचे भाग) ३२ बिटचे असणार, ६४ वाल्यात ते लोडच होत नाहीत. आहे तेच फोल्डर न्या.