'डूलॅली' हा इंग्रजी शब्द खरोखर देवळालीवरूनच आला आहे का?

प्रश्न – गोदाकाठची शिक्षिका

नमस्कार. मी नाशिक रोड परिसरातील एका शाळेत इंग्रजी शिकवते. नववीचे विद्यार्थी भित्तिपत्रकावर अपरिचित इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांची व्युत्पत्ती लिहितात. या वेळी दोन शब्द आले आहेत. पहिला 'डूलॅली', म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. हा शब्द आपल्या देवळाली कॅम्पवरून पडला, असे एका विद्यार्थिनीचे म्हणणे आहे. दुसरा 'पॉश'. विलायतेहून मुंबईकडे येणाऱ्या बोटींवर श्रीमंत प्रवासी येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, उन्हापासून दूर असलेली खोली घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटावर उमटवली जात आणि त्यावरून 'पॉश' झाला, असे एका विद्यार्थ्याने लिहून आणले आहे. दोन्ही कथा सारख्याच चटकदार आहेत, त्यामुळे मला दोन्हींविषयी सारखीच शंका येते. फलकावर काय लिहू द्यावे?

उत्तर – शब्दवेध

मॅडम, देवळालीची कथा अवश्य लिहू द्या आणि 'पॉश'ची काढून टाका.

देवळालीला १८६१ मध्ये ब्रिटिश लष्कराची छावणी उभी राहिली. विलायतेहून नव्याने आलेल्या पलटणी येथे थांबत आणि सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथेच राहत. सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. उन्हाळा आणि पावसाळा वगळून त्यांचा हंगाम असे. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर पुरी होई, त्याला काहीही काम नसताना महिनोन्‌महिने छावणीत काढावे लागत. उकाडा, हिवताप, दारू आणि रिकामपण यांनी चांगली माणसेही बिथरत. अशा सैनिकाला 'देवळालीचा ताप' चढला असे त्याचे सोबती म्हणत. त्यांच्या तोंडी तो शब्द 'डूलॅली टॅप' असा होता. छावणीतील मनोरुग्णालयामुळे हा अर्थ आला असेही सांगितले जाते, परंतु फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत भर आहे तो या वाट पाहण्यावरच, आणि मला तेच कारण अधिक पटते. त्याआधी १९२५ साली निघालेल्या सैनिक व नाविकांच्या बोलीच्या कोशातही हा शब्दप्रयोग नोंदलेला आहे. म्हणजे गाव आहे, छावणी आहे, ती बोली बोलणारी माणसे आहेत आणि त्यांच्या हयातीतली छापील नोंदही आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि 'डूलॅली' एवढेच उरले.

'पॉश'च्या बाबतीत यातले काहीच हाती लागत नाही. ही कथा पी अँड ओ कंपनीच्या बोटींविषयी सांगतात, पण अशी आद्याक्षरे असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. शब्द छापलेला दिसतो तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आणि बोटींची कथा दिसू लागते ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. कोशकार ती स्वीकारत नाहीत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा, विशेषतः अर्धा पेनी, असा शब्द होता आणि तो रोमानी, म्हणजे युरोपातील जिप्सींच्या, भाषेतील 'अर्धा' या अर्थाच्या शब्दापासून आला होता. आजच्या 'पॉश'चे मूळ तेथे असण्याची शक्यता आहे, पण तेही सिद्ध झालेले नाही.

आद्याक्षरांवरून शब्द बनल्याची कथा दिसली की मी आधी शब्दाचे वय पाहतो. रडार आणि लेझर हे असे खरोखर बनलेले शब्द आहेत, पण ते विसाव्या शतकातले. त्याआधी इंग्रजीत अशा रीतीने शब्द घडवण्याची पद्धत फारशी नव्हती, म्हणून जुन्या शब्दांविषयीच्या अशा बहुतेक कथा मागाहून रचलेल्या निघतात.

गोदाकाठची शिक्षिका

मनःपूर्वक आभार, सर. 'टॅप' म्हणजे आपला 'ताप' असेल, तर तो मराठीतून गेला असे मुलांनी लिहिले तर चालेल का?

शब्दवेध

तसे लिहू नये, असे मला वाटते. गोऱ्या पलटणी गावोगावच्या छावण्या फिरत, त्यांच्या कानावर पडे ती हिंदुस्तानी, आणि तिच्यात तापाला 'तप' म्हणत. फारसीत त्यालाच 'तब' म्हणतात. फारसी 'तब' आणि संस्कृत 'ताप' मुळात एकाच धातूचे आहेत. आपला 'ताप' संस्कृतातून आला. त्यामुळे सैनिकांचा 'टॅप' आपल्या शब्दाचा भाऊबंद आहे, एवढेच म्हणता येईल. देवळाली हे नाव मात्र निखळ इथले आहे. इंग्रजी जिभेला 'ळ' परका, म्हणून त्याचा 'ल' झाला.

उत्तर – सिन्नरकर

मराठीने इंग्रजीला दिलेला शब्द हवा असेल, तर 'मंगूस' घ्यावा. तो आपल्या मुंगसावरून इंग्रजीत गेला, असे बहुतेक कोश सांगतात, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत वापरात आला होता. कोकणपट्टीवरील पोर्तुगीज वस्त्या पाहता तो त्यांच्यामार्फत गेला असावा, असेही मानतात. ताईंच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी: या शब्दाच्या शेवटी इंग्रजीतील हंसवाचक 'गूस' दिसतो खरा, पण ते स्पेलिंग केवळ उच्चाराच्या साम्यामुळे रूढ झाले आहे, हंसाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होत असले, तरी मुंगसांना इंग्रजीत 'मंगूसेस' असेच लिहावे.