शाळेतला दिवस पालकांना कसा कळावा?

पालक: माझी मुलगी पहिलीत आहे. शाळेत काय झाले असे विचारले, की ती ‘काही नाही’ एवढेच सांगते. व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज छायाचित्रे येतात, पण ती कशात रमली, कुठे अडली हे त्यांतून कळत नाही. आपल्या शाळा हे कसे कळवतात?

शिक्षिका: आम्ही गट सर्वांच्या सूचनांपुरताच ठेवतो, एकेका मुलाविषयी डायरीत दोन ओळी लिहितो आणि मूल पडले किंवा ताप आला, तर लगेच फोन करतो. तीस मुलांबद्दल रोज लिहिणे शक्य नसल्याने मी दिवसाला सहा डायऱ्या घेते, म्हणजे आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते.

दुसरे पालक: आमचे शिक्षक आठवड्याचे पाठ आधीच कळवतात. त्यामुळे ‘आज बी कशात पेरले?’ असे नेमके विचारता येते आणि मुलगा भरभरून बोलतो.