गटप्रकल्पात प्रत्येकाचे कौशल्य वेगळे कसे तपासावे?

प्रश्न (अध्यापक, यंत्र अभियांत्रिकी)
अंतिम वर्षाच्या प्रकल्पात चौघांच्या गटातील एकजण यंत्र उभे करतो, दुसरा ब्लॅक बुक (बांधीव प्रकल्प अहवाल) टाइप करतो, उरलेले दोघे सादरीकरणाच्या दिवशी फॉर्मल कपड्यांत हजर होतात आणि टर्म वर्कचे (कॉलेजने सत्रभराच्या कामासाठी द्यायचे) गुण चौघांना जवळजवळ सारखेच पडतात. एनबीएच्या (राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या) मानांकनासाठी मात्र सांघिक कार्य, संवाद आणि प्रकल्प-व्यवस्थापन ही कौशल्ये प्रत्येक विद्यार्थ्याने मिळवली, असे आम्ही लिहून देतो. पुढे कोणत्याही नोकरीत उपयोगी पडतील अशी ही कौशल्ये खरोखर आली की नाहीत, हे कसे ओळखावे?

उत्तर १
डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठ 1974 मध्ये स्थापन झाल्यापासून गटप्रकल्पांतून शिकवण्याच्या पद्धतीवर चालते. तेथे सत्राचा साधारण निम्मा वेळ गटप्रकल्पाला दिला जातो. परीक्षा गटाची एकत्रित तोंडी होते, पण गुण ज्याचे त्याला मिळतात. मला याहून महत्त्वाची वाटते ती पहिल्या वर्षातील एक प्रथा: प्रकल्प अहवालासोबत विद्यार्थ्यांना कामाची विभागणी कशी केली, मतभेद कोठे झाले, वेळापत्रक का कोलमडले, याचेही लेखी विश्लेषण द्यावे लागते. एका प्रकल्पातील अनुभव दुसरीकडे नेता येतो तो असा तपासून घेतल्यावरच; केवळ चौघांना एका टेबलाशी बसवल्याने सांघिक कार्य शिकवले जात नाही.

उत्तर २
पद्धत उत्तम आहे, पण आपल्याकडे त्याच सत्रात लेखी परीक्षेचे विषयही असतात, गाइडकडे अनेक गट असतात आणि तयार प्रकल्प विकणारी दुकाने कॉलेजच्या फाटकासमोरच असतात. अशा स्थितीत ते लेखी विश्लेषणही विकत मिळू लागेल. (काही ठिकाणी मिळतही असेल!) त्यापेक्षा प्रश्न स्थानिक निवडावा. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ (CTARA) या ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञान केंद्रातील विद्यार्थी गावांत जाऊन नळपाणी योजनांसारख्या प्रश्नांचा अभ्यास करतात. टाकीत पाणी का चढत नाही हे समजण्यासाठी पंपाची क्षमता मोजावी लागते, तसेच ग्रामसेवक, पंपचालक आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलावे लागते. हे तयार मिळत नाही, आणि कोण गावात गेले होते हे दोन प्रश्नांत कळते.

उत्तर ३
मी दोन साधे बदल सुचवतो. सत्राच्या मध्यावर गटातील जबाबदाऱ्या सक्तीने बदलाव्यात, म्हणजे सर्किट जोडणाऱ्याला खर्चाचा हिशेब ठेवावा लागेल आणि अहवाल लिहिणाऱ्याला मल्टिमीटर हातात घ्यावा लागेल. शिवाय तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सहकाऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारावा. आपल्याच भागाचे उत्तर पाठ करून येते. एक्स्टर्नलना (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना) हे आधी कळवणे आवश्यक आहे, नाहीतर ते सवयीने गटप्रमुखालाच सगळे विचारतात.

प्रश्नकर्ता
जबाबदाऱ्या बदलण्याची अट याच सत्रात घालता येईल, कारण टर्म वर्कचे गुण आमच्या हातात आहेत. स्थानिक प्रश्नांसाठी मात्र विषय अंतिम वर्षाच्या सुरुवातीच्या सातव्या सत्राआधीच, उन्हाळी सुटीत ठरवावे लागतील.